सहल पाण्यावर, चूल काठावर

दुष्काळी बीड जिल्ह्यात राहून होडीच्या सहलीवर काय लिहायचे, असे काही मैत्रिणींना वाटेल. नेकनूरला बचतगटाच्या बैठकीत हा विषय काढला तेव्हा आधी हशाच पिकला. तरीही मला हा विषय चैनीचा वाटत नाही. विश्रांतीवर हक्क कुणाचा, असा हा प्रश्न आहे.

अमेरिकेच्या वाळवंटी मुलखात कोलोरॅडो नदी अडवून लेक पॉवेल हा जलाशय झाला. तिथे कुटुंबेच्या कुटुंबे होड्या घेऊन जातात, खडकाळ दऱ्यांच्या काठी तंबू ठोकून राहतात. आपल्याकडे मावळात पवना धरणाच्या काठी आता तंबूंच्या रांगा लागतात. नात्यातल्या तीन कुटुंबांबरोबर मीही तिथे दोन दिवस राहिले. पुरुष आणि मुले होडीत बसली. बायका काठावर कांदा चिरत होत्या, वाऱ्याला आडोसा करून स्टोव्ह पेटवत होत्या. परतताना सगळे म्हणाले, "मस्त आराम झाला." कुणाला झाला?

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात, तर असे काम करणारे पुरुष ८८ मिनिटे. सहलीला निघाले म्हणून हे गणित बदलत नाही. घरातली चूल तेवढी काठावर येते.

आमच्या भागातल्या कितीतरी बायकांना उघड्यावरचा मुक्काम नवा नाही. दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन त्या कारखान्याच्या वाटेला लागतात आणि पुढचे काही महिने कोपीत काढतात. पहाटे भाकरी, मग फडात ऊसतोड, डोक्यावर मोळ्या, परतल्यावर पुन्हा पाणी आणि चूल. एक दिवस खाडा झाला तर पैसे कापले जातात. पाळी आली तरी सुट्टी नाही. २०१९ मध्ये बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी शासनाला डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. म्हणून विश्रांती ही 'नंतर बघू' म्हणण्याची गोष्ट नाही. ती नाकारल्याची किंमत बाईचे शरीर मोजते.

पाण्याशी आमचे नाते हंड्याचे. मांजरा धरण आटले आणि २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा घराघरांत भांडी घेऊन रांगेत कोण उभे होते, ते सांगायला नको. पाणी भरायचे बाईने. पाण्यावर जायचे, पोहायचे, वल्हे मारायचे मात्र पुरुषाने, हे आपण मुकाट्याने मान्य केले आहे. पोहायला शिकलेल्या मुली गावात किती आहेत, ते मोजून पाहा.

बाईला हे जमत नाही म्हणावे, तर १० सप्टेंबर २०१७ रोजी लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली नौदलाच्या सहा महिला अधिकारी 'तारिणी' या शिडाच्या होडीतून गोव्याहून निघाल्या आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून २१ मे २०१८ रोजी परतल्या. सुकाणू, शिडे, दुरुस्ती, स्वयंपाक, सारे त्या सहाजणींनीच पाहिले. स्वयंपाक तिथेही होता, पण 'तू चुलीपाशी थांब' म्हणून कुणाला मागे ठेवलेले नव्हते.

तेव्हा माझे म्हणणे साधे आहे. कुटुंबाची सहल ठरेल तेव्हा कामाची वाटणी निघण्यापूर्वीच व्हावी: भांडी कोण घासणार, मुलांकडे कोण बघणार, होडीत आधी कोण बसणार. गटांनी वर्षातून एकदा फक्त बायकांची सहल काढावी, आणि तिचा डबा घरच्या पुरुषांनी करून द्यावा. मुलींना पोहायला शिकवण्याची मागणी ग्रामसभेत मांडावी. ऊसतोड बायकांना पाळीच्या दिवसांत पैसे न कापता सुट्टी मिळावी, ही मागणीही याच यादीत हवी. पवनेच्या काठावरची बाई आणि कोपीतली बाई यांच्या परिस्थितीत जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे खरे. पण दोघींचेही काम काम म्हणून मोजले जात नाही, म्हणून दोघींच्याही विश्रांतीचा हिशोब कुणी ठेवत नाही. तो आता आपणच मांडायला घेऊ.