निर्माल्य आणि तळ्याचा गाळ

गणेशोत्सव संपला, कीं मूर्तीबरोबर दूर्वा, पत्री व फुलेंही तळ्यांत सोडावीं, म्हणजे त्यांचें पावित्र्य राहतें, अशी पुष्कळ घरांतील समजूत आहे. पाण्यांत बुडालेलें दृष्टीआड होतें खरें. परंतु त्याचा हिशेब तळाशीं चालूच राहतो, इकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों.

तळाच्या गाळांत असंख्य सूक्ष्म जंतु असतात. पडलेलें पान कुजवितांना ते पाण्यांत विरघळलेला प्राणवायु घेतात. हवेच्या एका लिटरांत प्राणवायु अडीचशें मिलिग्रॅमहून अधिक असतो. 30 अंश उष्णतेच्या लिटरभर पाण्यांत मात्र जेमतेम साडेसात! एक किलो वाळलेला पाचोळा पूर्ण कुजण्यास सुमारें 1.2 किलो प्राणवायु लागतो. म्हणजे सुमारें 1,60,000 लिटर पाण्यांतील सारा सांठा. ओल्या फुलांत पाणीच फार, म्हणून त्यांचा वांटा कमी. पण गांवांतील घरें तर मोजावीं! मासा मात्र याच सांठ्यावर जगतो.

खोल जलाशयांत उन्हाळ्यांत तापलेलें हलकें पाणी वर राहतें आणि गार, जड पाणी खालीं. दोहोंचें मिश्रण होत नाहीं. वरची हवा तळास पोंचत नाहीं आणि गाळ उरलेला प्राणवायु संपवितो. मग गाळांतील लोह व मँगनीज पाण्यांत उतरतें, स्फुरद सुटून शेवाळास खत मिळतें, आणि कुजक्या अंड्यांसारखा दर्प येतो. कोपरखैरण्याच्या गृहिणीनें नळ उघडला, कीं जें मोरबे धरणाचें पाणी येतें, त्यासही हाच सृष्टिनियम लागू आहे. म्हणूनच धरणांत कुजकें न जाऊं देणें, हें शुद्धीकरणाइतकेंच महत्त्वाचें.

नवी मुंबई महानगरपालिकेनें तळ्यांत दगडजाळीची भिंत घालून विसर्जनाचा भाग वेगळा केला, निर्माल्यासाठीं कलशही ठेवले. भिंत माती अडवील. विरघळलेलें मात्र फटींतून पलीकडे जाणारच. सबब कलशाचा उपयोग अधिक.

वडीलधाऱ्यांस यांत देवाची अवहेलना वाटूं नये. अंगणांतील मातींत हेच जंतु हेंच काम करितात. तेथें हवा मुबलक असते, कोणाचा श्वास कोंडत नाहीं. मूर्तीस पाणी व निर्माल्यास माती, एवढा भेद घरांतील सर्वांनीं एकमतानें पाळला, तर पुढील वर्षीं त्याच मातींत तुळस अधिक जोमानें वाढेल.