अवलंबून कोण?

अर्थशास्त्राच्या पुस्तकात ‘अवलंबित्व गुणोत्तर’ नावाची एक संकल्पना आहे. १५ ते ५९ वयाची माणसे काम करणारी. त्याखालची मुले व साठीवरील वृद्ध त्यांच्यावर अवलंबून, असे धरून ते काढतात. (काही ठिकाणी ६४ ही मर्यादा घेतात.) वृद्ध वाढले की हा आकडा चढतो आणि मग उत्पादन घटेल, पेन्शनचा बोजा झेपणार नाही, अशी चिंता सुरू होते.

जपानच्या बाबतीत ही चिंता रास्त आहे. तेथे काम करण्याच्या वयाची लोकसंख्या १९९५ नंतर घटत गेली आणि आज दहांपैकी जवळजवळ तीन माणसे ६५ च्या पुढची आहेत. साहजिकच तेथील सरकारने कायदा करून मालकांना ६५ पर्यंत काम देणे भाग पाडले. २०२१ पासून तर ७० पर्यंत संधी देण्याचा प्रयत्न करावा, असे कायदाच सांगतो.

परंतु आपल्याकडे निवृत्त होतो कोण? देशातील दहांपैकी जवळजवळ नऊ कामकरी असंघटित. त्यांना ना हजेरीपट, ना निरोपसमारंभ. माझी आजी सत्तरी ओलांडूनही खुरपणीला जाते. गुडघे धरले की दोन दिवस घरी, तिसऱ्या दिवशी पुन्हा रानात. मी एकोणीस वर्षांची, आमच्या घरातून कॉलेजात आलेली पहिलीच. माझ्या फीमध्ये तिच्या मजुरीचे पैसे आहेत. गुणोत्तराच्या हिशेबात मात्र मी कमावती आणि ती माझ्यावर अवलंबून! सर म्हणतील, सरासरी अशीच असायची. मान्य. पण धोरण त्या सरासरीवरूनच ठरते ना?

२०११ च्या जनगणनेत देशात साठीवरील माणसे दहा कोटींहून अधिक होती आणि महाराष्ट्रात त्यांचे प्रमाण देशाहून जास्त, शेकडा दहाच्या घरात होते. त्यांच्यासाठी काय आहे? दारिद्र्यरेषेखालील वृद्धांच्या निवृत्तिवेतनात ऐंशीच्या आतील माणसासाठी केंद्राचा वाटा महिना २०० रुपये ठरला. २०२३ उजाडले तरी तो तेवढाच होता. राज्य त्यात भर घालते, पण औषधपाणी आणि किराणा दोन्ही त्यात भागत नाही. २०१५ ची अटल पेन्शन योजना चाळिशीच्या आतल्यांनाच खुली. म्हणजे आज जे थकले आहेत, त्यांना ती उपयोगाची नाहीच.

आमच्या कट्ट्यावर वाद रंगतो तो सरकारी नोकरांची निवृत्ती ५८ ला की ६० ला, यावर. कर्मचारी संघटना ६० मागतात. स्पर्धा परीक्षेला बसणारे आम्ही म्हणतो, मग आमच्या जागा कधी निघायच्या? दोन्ही बाजू हिरिरीने बोलतात. त्या वादात खुरपे हातात असलेल्या माणसाचे वय कोणी विचारीत नाही. त्याला काम आणखी किती वर्षे द्यावे हा प्रश्नच नाही. ते थांबवणे त्याला कोणत्या वर्षी परवडेल, हे कोणीतरी मोजायला हवे.