नाळ बँकेत, भीती कण्यात

पुतणीच्या डोहाळजेवणात ओटीच्या ताटाशेजारी एक गुळगुळीत पत्रक पडलं होतं. बाळाच्या नाळेतलं रक्त आमच्याकडे साठवा, पुढेमागे रक्ताचा कॅन्सर झालाच तर बाळाच्या स्वतःच्याच स्टेमसेल, म्हणजे रक्त घडवणाऱ्या मूळ पेशी, त्याला वाचवतील. पैसे हप्त्यानं. पूर्वी नाळ जमिनीत पुरायचे, आता बँकेत पुरायची, म्हणून मंडळी हसली. मला हसू आलं नाही, कारण पत्रकानं शास्त्रच उलटं टांगलं होतं.

ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरात, ट्रान्सप्लांट करतात म्हणजे काय करतात? आधी जबर किमोथेरपीनं रोग्याचा बोनमॅरो रिकामा करतात आणि मग दुसऱ्याच्या स्टेमसेल सलाइनसारख्या शिरेतून सोडतात. त्या हाडांत जाऊन रुजतात आणि दोन-चार आठवड्यांत नवं रक्त घडवू लागतात. खरी मेख पुढेच आहे. या नव्या पांढऱ्या पेशी मागे लपलेल्या कॅन्सरला परका म्हणून ओळखतात आणि मारतात. हे परकेपण हेच औषध. ते स्वतःच्या नाळेत कुठून येणार? उलट लहान मुलांच्या काही ल्युकेमियांचं बीज जन्माआधीच पडलेलं असतं, म्हणजे हप्ते भरून जपलेल्या पिशवीत तेही असू शकतं! स्वतःसाठी नाळरक्त साठवण्याला शास्त्रीय आधार नाही, असं आयसीएमआर या देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनंही बजावलं आहे. 1988 साली पॅरिसमध्ये नाळरक्ताचा पहिला ट्रान्सप्लांट झाला, तेव्हा मुलाला दिलेलं रक्त त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेतलं होतं. आपल्याकडे 1983 साली टाटा हॉस्पिटलात डॉ. सुरेश अडवाणींनी नऊ वर्षांच्या मुलीवर बोनमॅरो ट्रान्सप्लांट केला, तोही तिच्या भावाचा बोनमॅरो देऊन.

मायलोमा या रक्ताच्या दुसऱ्या कॅन्सरात तर रोग्याच्याच पेशी वापरतात, असं कोणी म्हणेल. वापरतात, पण त्या उपचाराच्या वेळी त्याच्याच रक्तातून गोळा करतात, आणि त्यांचं काम किमोनंतर रक्त सावरण्यापुरतं. थोरल्या मुलाला थॅलेसेमिया असेल, तर धाकट्याची नाळ जरूर जपावी. तिथं माझा वाद नाही.

मग परक्या पेशी द्यायच्या कोणी? इथं कंपन्यांना बोल लावून भागत नाही. सख्ख्या भावंडाच्या पेशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक. हल्ली निम्मे जुळणारे आई-बापही चालतात. पण भाऊ द्यायला तयार झाला, की घरातली थोरली मंडळी आडवी येतात: "कण्यातनं काढत्यात, पोरगं लुळं पडंल." कण्याला कोणी हातही लावत नाही. चार-पाच दिवस इंजेक्शनं देतात, अंग थोडं दुखतं, मग प्लेटलेट काढतात तसं यंत्र रक्तातून स्टेमसेल वेगळ्या करून बाकीचं रक्त परत देतं. बोनमॅरोच काढायचा झाला, तर भूल देऊन कमरेच्या हाडातून काढतात, आणि तो काही आठवड्यांत भरून येतो. रक्तगटही जुळावा लागत नाही. वेगळा असला, तर रोग्याचाच रक्तगट पुढे दात्याचा होतो.

हे सगळं गोड आहे असं मी म्हणत नाही. नव्या पेशी कधी रोग्याच्याच कातडीवर, आतड्यांवर उठतात, जंतुसंसर्गानं माणसं दगावतात, खर्च लाखांत जातो. प्रत्येक ल्युकेमियाला याची गरजही नसते. सीएमएल या प्रकारच्या ल्युकेमियाचे बहुतेक रोगी रोजच्या गोळीवर वर्षानुवर्षं कामधंदा करतात. पण डॉक्टरांनी ट्रान्सप्लांट सांगितला आणि घरात कोणी जुळलं नाही, तर डोळे लागतात ते अनोळखी दात्याकडे.

आमच्या मलकापूर-कराडात पुढाऱ्याच्या वाढदिवसाला आणि गणपतीत रक्तदानाला रांगा लागतात. मंडळांनो, यंदाच्या शिबिरात अशा अनोळखी स्टेमसेल-दात्यांची नोंदणी करणाऱ्या दात्रीसारख्या संस्थेलाही एक टेबल द्या. अठरा ते पन्नास वयाच्या धडधाकट माणसानं गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून द्यायची, एवढंच त्या दिवशीचं काम आहे.