परत येण्याची अनामत

मुलांनो, वाचनालयात नाव घालताना वर्गणीशिवाय थोडी अनामत का बरं भरावी लागते? पुस्तकं नीट परत दिली, की नाव काढताना ती रक्कम परत मिळते. लग्नाला मोठी पातेली भाड्यानं आणली तरी तसंच. पण माणूस परत जावा म्हणून अनामत घेतात, हे ऐकलंय का?

परदेशी जायचं तर पासपोर्ट आपलं सरकार देतं. आत येण्याची परवानगी, म्हणजे व्हिसा, तो देश देतो. काही पाहुणे मुदत संपली तरी तिथंच राहतात. म्हणून काही देश म्हणतात, "आधी पैसे ठेवा. वेळेत परत गेलात तर मिळतील, नाही तर बुडाले!"

२०१३ साली ब्रिटननं असा बेत केला होता. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका, नायजेरिया आणि घाना या ६ देशांतल्या काही पाहुण्यांकडून ३,००० पौंड घ्यायचे. त्या वेळचे अडीच लाखांहून जास्त रुपये! भारतात नाराजी उमटली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात बेत रद्द झाला. २०२५च्या ऑगस्टमध्ये मात्र अमेरिकेनं ही पद्धत सुरू केली. पहिली नावं होती आफ्रिकेतल्या मलावी आणि झांबियाची. रक्कम ५, १० किंवा १५ हजार डॉलर.

आता समजा, दोन आया परदेशातल्या लेकींच्या बाळंतपणाला निघाल्या. दोघीही शब्दाच्या पक्क्या. एकीच्या घरी पैसे आहेत, दुसरीच्या नाहीत. पैसे परत मिळतील हे खरं, पण आधी हातात हवेत ना! मग तपासलं काय, प्रामाणिकपणा की खिसा?

पैशानं माणूस बांधण्याची दुसरी रीत आमच्या बीड जिल्ह्यात आहे. ऊसतोडीला जाणारी माणसं मुकादमाकडून आधी उचल घेतात. तिकडे परत जावं म्हणून पैसे ठेवायचे, इकडे पैसे घेतले म्हणून कामाला जायचंच. उचल फिटली नाही, तर पुढच्या हंगामातही कोयता उचलावा लागतो. आमच्या नारायणगडाच्या आसपासच्या मुलांना हे वेगळं सांगायला नको.

आता वही काढा. एका डॉलरचे ८५ रुपये धरले, तर ५,००० डॉलरचे किती? एवढे पैसे ज्याच्या घरी नाहीत, त्यानं आपला शब्द खरा आहे हे कसं पटवावं? पहिलं उत्तर तुम्ही काढा. दुसरं आईबाबांना विचारा!