ठोकळ्यांचं प्रोग्रॅमिंग पोरखेळ नव्हे

मुलांच्या हाती स्क्रॅच ही ठोकळे जुळवायची प्रोग्रॅमिंग भाषा देणं म्हणजे वेळेची नासाडी, असं हैदराबादेतल्या आमच्या काचीगुड्यातले एक संगणकतज्ज्ञ सध्या पालकांना सांगत फिरताहेत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: रंगीत ठोकळे सरकवणं हे प्रोग्रॅमिंगच नव्हे, कोड टाइपच करायला हवा, प्रत्येक मुलाला स्वतंत्र संगणक हवा, आणि मुलांची यंत्रं एकमेकांना जोडली की वर्गात नुसता गोंगाट होतो.

पहिला मुद्दा आधी घेतो, कारण सगळं दुखणं तिथेच आहे. सहावीतलं मूल टाइप करायला बसलं की निम्मी तासिका एक राहून गेलेला कंस शोधण्यात जाते. ठोकळा भलत्या खाचेत बसतच नाही. लिहिण्यातली चूक अशी टळते, विचारातली चूक मात्र जशीच्या तशी समोर उभी राहते, आणि शिकायचं असतं ते तिच्यापासूनच. अट, आवर्तन, चल या कल्पना पायथॉनमध्ये आहेत त्याच इथेही आहेत. सीमोर पेपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये मुलांसाठी लोगो ही भाषा घडवली. त्याच परंपरेत २००७ साली अमेरिकेतल्या एमआयटीतून स्क्रॅच आलं. इतक्या वर्षांच्या कामाला खेळणं म्हणण्याआधी आमच्या तज्ज्ञांनी एखादा प्रोग्रॅम स्वतः जुळवून पाहायला हवा होता. बाह्य रूपालाच ज्ञान समजण्याची ही खोड जुनी आहे. याच शहरात १९१८ साली उर्दू माध्यमाचं विद्यापीठ निघालं आणि तिथे वैद्यक, अभियांत्रिकीसुद्धा उर्दूतून शिकवली गेली. तरी इंग्रजीवाचून विज्ञान नाही, हे पालुपद अजून ऐकू येतंच.

प्रत्येकाला स्वतंत्र संगणक? पैसे कुठून आणायचे, तेही सांगावं. आणि मुलं कामावरून वाद घालत असतील, तर तो गोंगाट मला हवाच आहे.

जोडणीने काय साधतं? मायक्रोबिट नावाचं खिशात मावणारं संगणक-बोर्ड मिळतं. त्याचा प्रोग्रॅम ठोकळ्यांनी रचता येतो आणि त्यातला रेडिओ वाय-फायवाचून दुसऱ्या बोर्डाला संदेश धाडतो. वर्गाचे चार गट करावेत: काचीगुडा, मलकपेट, याकूतपुरा, फलकनुमा. पुढच्या स्टेशनाने ‘लाईन क्लिअर’ दिल्याशिवाय गाडी सोडायची नाही, हा रेल्वेचा जुना नियम मुलांनी ठोकळ्यांत उतरवावा. संदेश त्या रेडिओ-गटातल्या सगळ्याच बोर्डांना पोचतो, म्हणून तो कोणत्या स्टेशनासाठी आहे हेही त्यात घालावं लागतं. दोन स्टेशनांनी एकाच क्षणी एकमेकांकडे परवानगी मागितली, तर दोन्ही वाट पाहत बसतात आणि गाड्या अडतात. मोठमोठ्या संगणकप्रणालींना छळणारा हा प्रश्न बारा वर्षांच्या मुलांना आपसांत बोलून सोडवावा लागतो.

काचीगुड्यातल्या शिक्षकांना माझी विनंती आहे: चार बोर्डं आणि शाळेत असतील तेवढे संगणक घेऊन हा धडा एकदा घ्या, आणि त्या तासाला या तज्ज्ञांनाही बोलवा.