कागद जपणे हीही सेवाच

दिवाळीपूर्वीच्या साफसफाईत घराघरांतून रद्दीचे गठ्ठे बाहेर पडतात. त्यांतच वृद्ध वडिलांच्या वैद्यकीय विम्याची जुनी कागदपत्रेही ‘आता ती कशाला हवीत’ म्हणून निघून जातात. पुढे एखाद्या रात्री वडिलांना अतिदक्षता विभागात हलवावे लागते आणि विमा कंपनी विचारते, मधुमेह केव्हापासून आहे? विमा घेताना तो कळविला होता काय? वडील उत्तर देण्याच्या स्थितीत नसतात, आईला तारखा आठवत नाहीत आणि मुलगा परगावाहून नुकताच पोहोचलेला असतो. रद्दीत गेलेल्या कागदाचे मोल त्या क्षणी कळते.

हे कागद किती काळ ठेवावेत, याचे एकच उत्तर नाही. कारण प्रत्येक कागदाचे काम वेगळे आहे. विमा घेताना भरलेला प्रस्ताव अर्ज, पहिली पॉलिसी आणि त्यानंतरचे प्रत्येक नूतनीकरण ही साखळी विमा चालू असेपर्यंत तुटता कामा नये. विमा नियामकाच्या २०२४ मधील सुधारणांनुसार विमा सलग ६० महिने चालू राहिल्यानंतर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती दडविल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही. पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती. विम्याची रक्कम मध्येच वाढविली असेल, तर वाढीव रकमेपुरती ही मुदत वाढीच्या दिनांकापासून मोजली जाते. कंपनी बदलली असेल, तर हे सातत्य सिद्ध करण्यास जुन्या पॉलिसीच उपयोगी पडतात.

रुग्णालयात सर्व नोंदी असतातच, हा समजही घातक आहे. वैद्यकीय व्यवसायाच्या २००२ च्या आचारनियमांनुसार दाखल रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे ठेवणे बंधनकारक आहे. मागणी केल्यास त्या ७२ तासांत द्याव्या लागतात. त्या मुदतीनंतर घरातील कागद हाच भरवशाचा पुरावा उरतो. म्हणून डिस्चार्ज कार्ड, शस्त्रक्रियेचा अहवाल आणि महत्त्वाच्या तपासण्या आयुष्यभर जपाव्यात.

दाव्याची बिले आणि कंपनीशी झालेला पत्रव्यवहार निकालानंतरही किमान तीन वर्षे ठेवावा. दावा नाकारला गेल्यास आधी कंपनीकडे तक्रार करावी लागते; तिच्या नकारानंतर एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. ग्राहक आयोगासाठी दोन वर्षांची मुदत आहे. जुन्या करप्रणालीत ज्येष्ठ आई-वडिलांच्या विमा हप्त्यावर ५०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते. ती घेणाऱ्याने हप्त्यांच्या पावत्या सात वर्षे ठेवणे शहाणपणाचे. जाहिरातपत्रके, दुसऱ्या प्रती, निकाली निघालेल्या दाव्यांची खर्चाची अंदाजपत्रके मात्र खुशाल फाडून टाकावीत. सारेच जपले तर हवा तो कागद सापडत नाही.

आई-वडिलांच्या निधनानंतरही घाई नको. अखेरच्या आजारपणाचा दावा वारसांना पूर्ण करावयाचा असतो, दिवंगताचे आयकर विवरणपत्रही त्यांनाच भरावे लागते. त्यामुळे ही फाईल त्यानंतरही तीन-चार वर्षे राहू द्यावी.

खरी अडचण कपाटातील जागेची नाही, संकोचाची आहे. वडिलांनी वर्षानुवर्षे हप्ते भरले, पावत्या नीट लावून ठेवल्या. पण मुलांना दाखविल्या नाहीत. मुलांनीही विचारले नाही, कारण आजारपणाविषयी असे विचारणे अभद्र वाटते. दोन्हीकडच्या या मायेपोटीच ऐन संकटात घर हतबल होते. एखाद्या रविवारी आई-वडिलांजवळ बसून ती फाईल उघडावी. पहिल्या पानावर पॉलिसीचा क्रमांक, नूतनीकरणाचा दिनांक, आजार आणि चालू औषधे लिहावीत. मोबाईलवर छायाचित्रे असावीत, पण मूळ कागद घरात असावा आणि तो कोठे आहे हे घरातील किमान दोघांना ठाऊक असावे. उशाशी बसून पाय चेपणे ही सेवा आहेच. ज्यांनी आयुष्यभर घराचा हिशेब सांभाळला, त्यांच्या कागदांचा हिशेब आपल्या हाती घेणे हीही त्याच सेवेचा भाग होय.