पैशाने पंगत मिळत नाही

शासकीय आदिवासी वसतिगृहांतील खानावळी बंद करून जेवणाचे पैसे विद्यार्थ्यांच्या बँक खात्यात जमा करावयाचे, असे शासनाने २०१८ साली ठरविले. त्या जुलैत विद्यार्थी निषेधार्थ पुण्याहून नाशिककडे पायी निघाले. शासनाच्या लेखी मात्र ही सुधारणा होती: ठेकेदार गेला, निवडीचे स्वातंत्र्य आले!

हा युक्तिवाद आम्ही अर्थशास्त्राच्या वर्गात वर्षानुवर्षे शिकविला आहे. म्हणूनच त्यातील खोट सांगणे आमचे कर्तव्य ठरते. काही गोष्टी सामाईकच असतात. त्यांचे वाटे पाडले की त्या उरतच नाहीत. खात्यातील पैशाने थाळी मिळेल, पंगत मिळणार नाही.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले, १९२७ मध्ये गांधीजींनी त्याला छत्रपती शाहूंचे नाव दिले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत. कर्मवीर केवळ पोटे भरीत नव्हते. जात मोडीत होते. हे काम रोख अनुदानाने कसे व्हावे?

वसतिगृहाच्या सामाईक दालनात वर्तमानपत्र वाचले जाते, गाऱ्हाणी मांडली जातात, त्यांतूनच संघटना उभी राहते. एकेकटा गाठलेला विद्यार्थी हा केवळ ग्राहक असतो, आणि ग्राहक मोर्चा काढीत नाही. राज्यकर्त्यांना हे कळत नाही, असे समजण्याचा भाबडेपणा आपण करू नये.

ठेकेदार चोर असेल तर त्याला हाकला, खानावळ विद्यार्थ्यांच्या समितीकडे सोपवा. चूल का विझवता? साथींनो, प्रत्येक वसतिगृहात सामाईक खानावळ आणि बैठकीचे दालन, ही आपली मागणी असली पाहिजे.